ग्रॅनाइटला निवायला किती काळ लागतो?

भूशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या फील्ड ट्रिपमध्ये बंगळूरजवळ रामनगरला क्लोजपेट ग्रॅनाइट पाहिला. पुस्तकात लिहिलंय की शिलारस जितका सावकाश निवेल तितके स्फटिक मोठे. पण तिथे एकाच उघड्या कातळात तीन प्रकार दिसले. फेल्डस्पार या खनिजाचे बोटाएवढे गुलाबी स्फटिक असलेला भरड ग्रॅनाइट, त्याला चिकटून साखरेसारखा बारीक दाण्याचा ग्रॅनाइट, आणि दोघांना कापत गेलेली जेमतेम वीतभर रुंदीची पेग्मटाइटची शीर, जिच्यात मुठीएवढे स्फटिक. वीतभर शीर सावकाश निवलीच कशी? चारशे किलोमीटर लांबीचा हा ग्रॅनाइट एका वेळी वितळलेला होता का, आणि त्याला निवायला किती वर्षं लागली? शिवाय त्या डोंगरांवर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, ते आपल्या बेसाल्टच्या खांबांसारखे निवतानाच पडलेले सांधे, म्हणजे भेगा, आहेत का?

पहिल्या प्रश्नाने तीस वर्षांपूर्वी माझीही फजिती केली आहे. कनकपुराच्या बाजूला नकाशा करताना मी बारीक दाण्याचा एक पट्टा पाहिला आणि लगेच वहीत लिहिलं, 'ग्रॅनाइटची लवकर निवलेली कड'. नकाशावर सीमारेषाही आखून टाकली. मार्गदर्शक आले, दहा मिनिटं कातळावर उकिडवे बसले आणि बोटाने दाखवलं की बारीक ग्रॅनाइटच्या पोटात भरड ग्रॅनाइटचे तुकडे अडकलेले आहेत. म्हणजे बारीक तो नंतरचा, आणि कडेचा तर नाहीच. दाण्याचा आकार मी घड्याळासारखा वाचला होता. आपण दख्खनची माणसं बेसाल्टवर वाढतो, तिथे हे घड्याळ बऱ्यापैकी चालतं. ग्रॅनाइटमध्ये ते फसवतं.

रवाळ तूप सगळ्यांना माहीत आहे. कढवलेलं तूप सावकाश थिजू दिलं की रवा धरतं, फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत गोळा होतो. पुस्तकातला नियम तो हाच. आता खडीसाखर आणि भुरा आठवा. दोन्ही साखरेच्या पाकाचेच. पाक घोटत राहिलं की तो साखरतो, लाखो कण एकदम धरतात आणि भुरा होतो. तोच पाक न हलवता, दोरे सोडून ठेवला की मोजक्याच जागी स्फटिक धरतात आणि सगळी साखर त्यांच्यावर बसत जाऊन खडे तयार होतात. म्हणजे खडा मोठा होण्याला वेळ लागतोच, पण त्याहून महत्त्वाचं हे की वाटेकरी किती होते. स्फटिकांची बीजं थोडी आणि वाढीला लागणारे अणू झपाट्याने पोचणारे असतील, तर कमी वेळातही प्रचंड स्फटिक होतात.

पेग्मटाइटमध्ये नेमकं हेच घडतं. ग्रॅनाइटचा बराचसा भाग गोठल्यावर उरलेल्या रसात पाणी, बोरॉन, फ्लोरीन, लिथियम असे जिन्नस साठतात, कारण फेल्डस्पार आणि गारगोटीच्या जाळीत त्यांना फारशी जागा नसते. हे जिन्नस रसाचा गोठणबिंदू खाली ओढतात आणि त्याला पातळही करतात. असा रस फटीत घुसतो तेव्हा गोठणबिंदूच्या शंभरेक अंश खाली गेला तरी बीजं धरायला तयार होत नाही, आणि एकदा धरली की मोजक्या बीजांवर झरझर वाढतो. दोन मीटर जाडीची शीर थंड खडकात घुसली तर काही आठवड्यांत थिजून जाते, हे खाली दिलेल्या हिशोबाने कुणालाही काढता येईल. तुमची वीतभर शीर आजूबाजूचा खडक थंड असता तर दिवसभरातच आटोपली असती. रामनगरला तो तापलेला होता, तेव्हा थोडी सवलत द्या. पण लाखो वर्षं नक्कीच नाहीत.

साखरेसारख्या बारीक ग्रॅनाइटला ॲप्लाइट म्हणतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा थंडी नसून दाब असतो. दाबाखाली भरपूर पाणी विरघळलेला ग्रॅनाइटचा रस सुमारे ७०० अंशांपर्यंत वितळलेला राहू शकतो. कोरड्या रसाला त्यासाठी साडेनऊशे ते हजार अंश लागतात. समजा ७५० अंशांचा पाणीदार रस आहे आणि वरचं छत तडकलं. कुकरची शिट्टी उडावी तसं पाणी वाफ होऊन निसटतं. तापमान एका अंशानेही न उतरता तो रस आता आपल्या गोठणबिंदूच्या कितीतरी खाली येतो आणि चहूकडे एकदम कण धरतात. म्हणून एकाच शिरेत मध्यभागी पेग्मटाइट आणि कडेला ॲप्लाइट, किंवा उलटही, दिसतं. दोघांची निवण्याची गती एकच.

आता हिशोब. खडकातून उष्णता किती वेगाने पसरते हे सांगणारा एक आकडा आहे, सेकंदाला अंदाजे एक चौरस मिलिमीटर. वर्षभरात तो साडेएकतीस चौरस मीटर होतो, म्हणजे ३४० चौरस फूट, पुण्यातली वन-आरके. जाडीच्या निम्म्याचा वर्ग करा आणि साडेएकतीसने भागा, निवायला लागणारी वर्षं ढोबळमानाने मिळतात. निम्मी जाडी एक मीटर असेल तर सुमारे १२ दिवस. दहा मीटरला तीन वर्षं, शंभर मीटरला तीनशे, एक किलोमीटरला तीस हजार आणि दहा किलोमीटरला तीस लाखांच्या आसपास. जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट होतो, एवढं एक लक्षात ठेवलं तरी फील्डवर बरंच काम भागतं.

यात तीन दुरुस्त्या करायच्या. पहिली, स्फटिक होताना रस सुप्त उष्णता बाहेर टाकतो, आणि ती थोडीथोडकी नसते. तेवढ्या उष्णतेने तोच खडक जवळपास दोनशे अंशांनी तापला असता. दुसरी, खडक जितका तापलेला तितका तो उष्णता वाहून न्यायला नाखूश. खोल कवचातल्या तापमानाला वरचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे वेळ दुप्पट. तिसरी दुरुस्ती उलट दिशेची आहे. जमिनीखाली चार-पाच किलोमीटरच्या आत ग्रॅनाइट आला तर भेगांतून पाणी फिरायला लागतं, तापून वर जातं, थंड होऊन परत येतं, आणि वहनापेक्षा कितीतरी भराभर उष्णता घेऊन जातं. जाता जाता ते धातूही उचलतं आणि भेगांत नेऊन ठेवतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलचं कथील असंच आलं.

आणि कडेचं काय? ७५० अंशांचा रस २५० अंशांच्या खडकाला टेकला तर स्पर्शाच्या जागी सुरुवातीला सरासरीएवढं, म्हणजे ५०० अंश तापमान येतं. तिथे बारीक दाण्याची कड तयार होऊ शकते. पण तुमच्या रामनगरचा ग्रॅनाइट गोठला तेव्हा तो पंधरा-वीस किलोमीटर खोल होता आणि आजूबाजूचा खडक सहाशे-सातशे अंशांचा, स्वतःच अर्धवट वितळायच्या बेतात. अशा ठिकाणी लवकर निवलेली कड शोधणं म्हणजे तापल्या तव्यावर गारवा शोधणं. तिथे ग्रॅनाइट निवतो तो शेजारच्या खडकाला उष्णता देऊन नव्हे. वरचं कवच झिजून सगळा प्रदेशच वर आला तर तो निवणार, आणि त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. त्यामुळे 'किती वर्षांत निवला' या तुमच्या प्रश्नाला क्लोजपेटच्या बाबतीत दोन उत्तरं आहेत. गोठायला लागलेली वर्षं वेगळी आणि थंड व्हायला लागलेली वेगळी.

क्लोजपेट हे रामनगरचं जुनं नाव, म्हैसूरचे ब्रिटिश रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्यावरून पडलेलं. सुमारे २५२ कोटी वर्षांपूर्वीचा हा ग्रॅनाइट उत्तर-दक्षिण चारशे किलोमीटर पसरला आहे, पण रुंदी सरासरी वीसेक किलोमीटरच. याची खरी मजा वेगळीच आहे. दक्षिण भारताचं कवच उत्तरेकडे कललं आहे आणि दक्षिणेची बाजू जास्त झिजली आहे. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे गाडीने गेलात की तुम्ही प्रत्यक्षात ग्रॅनाइटच्या मुळांकडून छताकडे चढत जाता. दक्षिण टोकाला मुळं दिसतात. तिथे प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, आलेला तप्त रस आणि त्याने वितळवलेलं जुनं नाईस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, यांची सरमिसळ आहे, ग्रॅनाइट कुठे संपतो आणि नाईस कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. मधल्या पट्ट्यात उभे पाट दिसतात, ज्यांतून रस वर चढत गेला, फेल्डस्पार एका दिशेला लोळवलेले. उत्तरेला मात्र सुटे, आटोपशीर गोळे, स्पष्ट कडांचे, थंड खडकात घुसलेले. एका ग्रॅनाइटचा असा उभा छेद चालत पाहता येणं जगात फार थोड्या ठिकाणी शक्य आहे, आणि आपल्याकडून तो एका रात्रीच्या बसप्रवासावर आहे. तुमच्या कॉलेजने फक्त रामनगर दाखवून परत आणलं याचं मला वाईट वाटलं.

एका वेळी सगळा वितळलेला होता का, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि माझ्या विद्यार्थिदशेत त्याचं उत्तर 'हो' असं होतं. पाठ्यपुस्तकात बाथोलिथचं, म्हणजे ग्रॅनाइटच्या अवाढव्य साठ्याचं, चित्र असायचं, तळ नसलेला मोठा रांजण, बाहेरून आत निवत जाणारा. कॅलिफोर्नियात योसेमिटीतला टुओलमी नावाचा ग्रॅनाइट समूह या चित्राचा आदर्श मानला जाई. हजार चौरस किलोमीटरहून मोठा, बाहेर गडद खडक, आत आत जावं तसा फिकट, एकात एक बसवलेल्या परातींसारखा. १९७९ मध्ये त्याचा जो रासायनिक अभ्यास प्रसिद्ध झाला तो याच समजुतीवर उभा होता. बाहेरची बाजू आधी गोठली, उरलेला रस बदलत गेला, शेवटी मधला फिकट गाभा.

२००४ मध्ये झिरकॉन या खनिजाच्या दाण्यांवरून काढलेली वयं आली आणि रांजण फुटला. बाहेरचा खडक साडेनऊ कोटी वर्षांचा, आतला साडेआठ कोटींचा. मध्ये एक कोटी वर्षं. समूहातल्या एकट्या हाफ डोम ग्रॅनोडायोराइटची (ग्रॅनाइटचाच जवळचा भाऊ) वयंच चाळीस लाख वर्षांत विखुरलेली. आता वरचा हिशोब लावून पाहा. कवचाच्या वरच्या भागात एवढ्या आकाराचा एक रांजण दहा लाख वर्षांत गोठून गेला असता. कोटभर वर्षं त्याला वितळलेला ठेवायचं तर खालून सतत नवा रस यायला हवा. सतत येतोय म्हटल्यावर तो एक रांजण कसला? ते हप्त्याहप्त्याने भरलेलं कर्ज.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगायला हवं. झिरकॉन फार चिवट असतो. आधीच्या हप्त्यात तयार झालेले दाणे नंतरच्या रसाने उचलून आणले असतील तर वयं उगाच लांबलेली दिसतात. काही जाणत्या लोकांचं म्हणणं आहे की हप्ते खरे, पण त्यांतले काही इतके मोठे आणि लागोपाठ आले की काही लाख वर्षं टिकणारा वितळलेला साठा होताच. मला स्वतःला हेच जास्त पटतं. छोटे हप्ते दरवेळी पूर्ण गोठत गेले असते तर आतले काही फेल्डस्पारचे थर आणि वाहिल्याच्या खुणा समजावून देणं जड जातं.

हप्त्यांची स्वच्छ नोंद पाहायची तर चिलीच्या दक्षिण टोकाला तोर्रेस देल पायने. तिथे हिमनद्यांनी डोंगर उभे कापले आहेत. काळ्या गाळाच्या खडकांच्या मध्ये पांढऱ्या ग्रॅनाइटचा पट्टा सँडविचसारखा दिसतो, एकूण सुमारे दोन किलोमीटर जाड, वय सव्वा कोटी वर्षं. तो थराथराने आला आणि प्रत्येक नवा थर आधीच्या थराखाली घुसला, म्हणजे सगळ्यात जुना वर आणि सगळ्यात नवा खाली, गाळाच्या खडकांच्या नियमाच्या अगदी उलट. सगळं काम दोन लाख वर्षांच्या आत उरकलं. टुओलमीच्या कोटभर वर्षांसमोर हे अगदीच झटपट. त्यामुळे 'ग्रॅनाइटला अमुक वर्षं लागतात' असं एक वाक्य कुणी सांगितलं तर त्याला कुठला ग्रॅनाइट ते विचारा.

मग थरांमधल्या शिवणी का दिसत नाहीत? कारण पहिल्या थराने जागा ऊबदार करून ठेवलेली असते. दुसरा थर येतो तेव्हा पहिला अजून सहाशे अंशांवर असतो, त्याची कड परत थोडी वितळते, दोघांचे स्फटिक एकमेकांत वाढतात आणि शिवण विरून जाते. काही जण तर बोटाएवढ्या फेल्डस्पारचं श्रेयही याच पुन्हापुन्हा तापण्याला देतात. तापलं की बारीक दाणे विरघळतात, निवलं की मोठे आणखी मोठे होतात. योसेमिटीतले काही फेल्डस्पार काडेपेटीएवढे दिसतात ते असे, असा त्यांचा दावा. तो सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही, पण वाटेकरी कमी झाले की खडा वाढतो हे मघाचंच सूत्र.

पुन्हा गेलात तर दोन गोष्टी वहीत टिपा. फेल्डस्पारच्या लांब बाजूंची दिशा होकायंत्राने मोजा, एका जागी निदान तीस. नदीत ओंडके वाहावेत तसे ते वाहत्या रसात वळतात. हान्स क्लूस या जर्मन भूशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी अशाच मोजण्यांवरून ग्रॅनाइटच्या आतली हालचाल नकाशावर आणली, तेही आजची कुठलीच यंत्रं नसताना. दुसरी गोष्ट म्हणजे काळे, बारीक दाण्याचे, गोलसर डाग. अनेकांना ते आजूबाजूच्या खडकाचे पडलेले तुकडे वाटतात. कड नीट पाहा. ती पाकळ्यांसारखी वळलेली असेल आणि आतल्यापेक्षा कडेला दाणा आणखी बारीक असेल, तर तो तुकडा नव्हेच. अकराशे अंशांच्या बेसाल्टी रसाचा तो थेंब आहे, आठशे अंशांच्या 'थंड' ग्रॅनाइटी रसात पडून चर्रकन थिजलेला. दाण्याच्या आकाराचं घड्याळ इथे मात्र बरोबर चालतं. एखादा गुलाबी फेल्डस्पार निम्मा डागात आणि निम्मा बाहेर सापडला तर मला फोटो पाठवा, शेजारी नाणं ठेवून.

गोठल्यानंतरचं निवणं मोजायला वेगवेगळी खनिजं वेगवेगळ्या तापमानाला 'दार लावून घेतात', म्हणजे किरणोत्साराने तयार झालेला आर्गॉन वायू त्यांच्यातून निसटायचा थांबतो. हॉर्नब्लेंड पाचशेच्या वर, काळं अभ्रक तीनशेच्या आसपास. ॲपेटाइटमध्ये युरेनियमचे अणू फुटून उमटलेल्या विखंडनाच्या रेघा शंभर-सव्वाशे अंशांच्या खाली टिकायला लागतात. एकाच नमुन्यातली ही वयं जोडली की त्या ग्रॅनाइटचा तापाचा तक्ताच मिळतो.

आत्ता या क्षणी निवत असलेला ग्रॅनाइटही माणसाने भोसकून पाहिला आहे. जपानमध्ये काक्कोंडा इथे भू-औष्णिक विहीर खणताना ३,७२९ मीटरवर पाचशे अंशांहून जास्त तापमान लागलं. कॉर्नवॉलमध्येही आज पाच किलोमीटर खोल विहिरीत १८० अंशांच्या वर तापमान मिळतं, पण तो ग्रॅनाइट सत्तावीस ते साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची मूळ धग कधीच संपली. आजची उष्णता त्याच्यातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमची. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांच्या संशोधनासाठी खणलेल्या तीन किलोमीटरच्या विहिरीत सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडकच लागला. सह्याद्रीच्या पायाखाली तो आहे, दिसत नाही एवढंच.

राहिले पापुद्रे. ते निवतानाचे नाहीत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब लाव्हा आकसताना पडले. ग्रॅनाइटमध्येही निवतानाच्या भेगा असतात, पण त्यांत बहुधा ॲप्लाइट, पेग्मटाइट किंवा गारगोटी भरलेली सापडते, कारण त्या वेळी भरायला रस शिल्लक होता. पापुद्र्यांच्या फटी रिकाम्या असतात. ते आजच्या जमिनीच्या चढउतारांना समांतर जातात, शिरांना आणि फेल्डस्पारच्या रांगांना बिनदिक्कत कापतात. वर बोटभर जाडीचे, खाली जावं तसे हात-दोन हात जाड, आणि काही डझन मीटर खाली नाहीसे. किलोमीटरच्या किलोमीटर खडकाचं ओझं झिजून गेलं, आडवा दाब मात्र राहिला, आणि घुमटासारख्या पृष्ठभागावर तो दाब कातळाला बाहेरच्या बाजूला फुगवतो. बंगळूरच्या आसपासचे जुने दगडफोडे हे ओळखून होते. ते कातळावर लाकडांची आग हळूहळू पुढे सरकवत न्यायचे आणि तापून फुगलेली पातळ फरशी अख्खी सोडवायचे. आग पुढे न्यायची वेळ झाली की नाही हे हातोडीने कळायचं. घट्ट कातळ खणकन वाजतो, सुटलेला पापुद्रा बद्द.